शेतात राबणाऱ्याला योग कशाला? पुरुषांनी सुरुवात कुठून आणि कशी करावी

मेढा : दरवर्षी २१ जून आला की जावली तालुक्यातल्या गावागावांत योग दिनाची गडबड उडते. शाळेत सतरंज्या पडतात, पोरं रांगेत उभी राहतात, शिक्षक येतात, अंगणवाडीताई येतात, बचत गटाच्या महिला येतात. गावातले बापे लोक मात्र दारातून डोकावतात आणि पुढं जातात. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, "आम्ही रोज रानात योगच करतोय की! आम्हाला वेगळा कशाला पाहिजे?"

हेच उत्तर देणारा गडी संध्याकाळी घरी येतो आणि पोराला सांगतो, "जरा कमरेला बाम चोळ रे." रात्री कूस बदलताना कळ येते. सकाळी अंथरुणातून उठताना आधी भिंतीला हात टेकावा लागतो. वय विचारलं तर पंचेचाळीस!

मग रोज एवढे कष्ट करूनही अंग का आखडतं? कष्ट आणि व्यायाम यांत नेमका फरक काय? आणि ज्यानं आयुष्यात कधी आसन केलं नाही, त्यानं चाळिशी-पन्नाशीत सुरुवात कशी करायची? जरा नीट समजून घेऊया.

कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा

आपल्याकडच्या कामाचा विचार करा. भाताची लावण म्हणजे दिवसभर चिखलात कमरेत वाकून काम. तरवा उपटायचा, मुठी वाहायच्या, बांध घालायचे, सगळं पुढं वाकूनच. पॉवर टिलर धरला की हात, खांदे आणि कंबर तासन् तास हादरत राहतात. वैरणीचा भारा, खताचं पोतं, दुधाची किटली बहुतेक वेळा एकाच खांद्यावर किंवा एकाच हातात. वडापची जीप, टेम्पो किंवा एसटी चालवणारा माणूस केळघर घाटाची वळणं घेत दिवसभर एकाच बैठकीत बसलेला. मुंबई-नवी मुंबईत माथाडी म्हणून हयात घालवलेला माणूस गावी परततो तेव्हा त्याच्या मानेनं आणि पाठीनं किती ओझं पेललं, याचा हिशोब कुठल्याच वहीत नसतो.

या सगळ्या कामांत शरीर वापरलं जातं, पण एकाच बाजूनं. पुढं वाकणं रोज हजार वेळा होतं, मागं वाकणं एकदाही होत नाही. मांडीमागच्या शिरा आखडतात, छाती आत जाते, खांदे पुढं येतात. ओझं उचलताना आपण श्वास कोंडून धरतो, तोही दिवसभर. कामात ताकद लागते आणि ती टिकूनही राहते. पण सांध्याची पूर्ण हालचाल, स्नायूंचा ताण सुटणं आणि खोल श्वास या तीन गोष्टी कामातून मिळत नाहीत. योगात नेमक्या त्याच मिळतात. दिवसभर ज्या बाजूला अंग गेलं त्याच्या उलट बाजूला ते हळूहळू नेणं, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

"हे बायकांचं, पोरांचं काम" असं कुणी म्हटलं तर?

तसं म्हणणाऱ्याला आपल्याच जिल्ह्याचा इतिहास सांगावा. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात औंध आहे. स्वातंत्र्याआधी ते संस्थान होतं आणि त्याचे राजे होते भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१). चित्रकलेचे जाणकार आणि स्वतः चित्रकार, प्रजेच्या हाती कारभार देणारे राजे म्हणून त्यांचं नाव आहेच. पण व्यायामाच्या जगात ते ओळखले जातात सूर्यनमस्कारांसाठी.

हे राजे तरुणपणी त्या काळच्या प्रसिद्ध युरोपियन मल्लाची, सँडोची पद्धत आणि त्याची उपकरणं वापरून व्यायाम करत. पुढं मिरजेच्या संस्थानिकांकडून प्रेरणा घेऊन ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग त्यांनी ते शेवटपर्यंत सोडले नाहीत. संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि १९३८ मध्ये लंडनहून त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. आज जगभरच्या योगवर्गांत जो सूर्यनमस्कार घातला जातो, त्याच्या प्रसारात आपल्या औंधचा मोठा वाटा आहे.

तालमीत गेलेल्या कुणालाही सूर्यनमस्कार परका वाटणार नाही. हात टेकून अंग खाली नेणं, छाती पुढं काढून वर उचलणं आणि कंबर मागं घेणं हा जोर मारण्याचाच प्रकार आहे. फरक इतकाच की इथं घाई नाही आणि प्रत्येक हालचालीला श्वास जोडलेला आहे.

दुसरं उदाहरण लोणावळ्याचं. स्वामी कुवलयानंद हे आधी बडोद्यात माणिकरावांच्या हाताखाली व्यायामविद्या शिकलेले. नंतर योगाकडे वळले आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली. आसन-प्राणायामानं शरीरात काय बदल होतो, हे एक्स-रे आणि रक्तदाब मोजून पाहण्याचं काम तिथं झालं. नुसती श्रद्धा न ठेवता मोजून बघा, ही त्यांची शिकवण आजही उपयोगाची आहे.

पुरुषांना फायदा काय?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. योगानं सगळे रोग बरे होतात, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. खरे फायदे आहेत ते असे :

कंबर आणि पाठ : जुनाट कंबरदुखीसाठी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेनं २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात गोळ्यांच्या आधी करून बघायच्या उपायांत व्यायामासोबत योगाचंही नाव आहे. कळ एका दिवसात जात नाही, पण काही आठवड्यांच्या नियमित सरावानं हालचाल सुधारते आणि दुखणं कमी होऊ शकतं.

रक्तदाब आणि साखर : बीपी वाढलेला माणूस बहुतेक वेळा ठणठणीत दिसतो. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून तो तपासत नाही. आणि मग एक दिवस लकवा मारतो किंवा छातीत कळ येते. १४०/९० किंवा त्याहून जास्त बीपी वारंवार येत असेल तर तो वाढलेला समजतात. नियमित व्यायाम, संथ श्वसन, कमी मीठ, तंबाखू बंद आणि डॉक्टरांच्या गोळ्या या सगळ्यांनी मिळून तो ताब्यात राहतो. योग त्यातला एक भाग आहे, गोळीला पर्याय नाही. साखरेचंही तसंच.

पोट : आपल्याकडच्या पुरुषाचे हातपाय काटक आणि पोट मात्र पुढं, असं चित्र चाळिशीनंतर सर्रास दिसतं. भारतीय पुरुषाचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर गेला की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. घरात टेलरिंगची टेप असतेच. बेंबीच्या रेषेत एकदा मोजून बघा. फक्त आसनांनी पोट उतरत नाही. चालणं आणि जेवणातला बदलही लागतो.

झोप आणि डोक्याचा ताप : पीक गेलं, भाव पडला, पोराला नोकरी नाही, कर्जाचा हप्ता आलाय. बाई माणूस निदान शेजारणीजवळ बोलून मोकळी होते. पुरुष बोलत नाही. तो पुडी तोंडात टाकतो किंवा ग्लास भरतो. संथ श्वास आणि शवासन यांनी कर्ज फिटत नाही हे खरं, पण छातीतली धडधड उतरते, झोप लागते आणि सकाळी विचार जरा सरळ सुचतो. तरीही आठवडेच्या आठवडे मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर योगावर भागवू नका. घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोला. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

न बोलला जाणारा विषय : "मर्दानी ताकद" वाढवण्याच्या जाहिराती भिंतीभिंतीवर रंगवलेल्या असतात. वस्तुस्थिती अशी की ही अडचण कित्येकदा रक्तवाहिन्या खराब होत असल्याची पहिली खूण असते. त्यामागं मधुमेह, बीपी, तंबाखू, दारू, वाढलेलं वजन आणि ताण ही कारणं असू शकतात. नियमित व्यायामानं या कारणांवर काम होतं, चूर्णानं नाही. लाज सोडून आधी बीपी आणि साखर तपासा.

सुरुवातीआधी चार गोष्टी

१. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात बीपी आणि साखर मोजून घ्या. तिशीनंतर प्रत्येकानं हे वर्षातून एकदा तरी करावं.

२. हृदयविकार, हर्निया, काचबिंदू, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा कमरेतून पायात उतरणारी कळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

३. नवीन काही विकत घ्यायची गरज नाही. सतरंजी किंवा घोंगडं पुरे. अंगात सैल पायजमा किंवा हाफ पँट. पाय घसरणार नाही एवढं बघा.

४. पोट रिकामं हवं. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, धार काढायच्या आधी किंवा डेअरीवर दूध घालून आल्यावर वेळ काढा. संध्याकाळी करायचं तर जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत.

पहिले दोन आठवडे : रोज १५ मिनिटं

सांधे मोकळे करणं (३ मिनिटं) : मान सावकाश डावी-उजवीकडे वळवा. खांदे पुढून मागं गोल फिरवा. मनगटं आणि घोटे फिरवा.

ताडासन : पाय थोडे अंतरावर ठेवून ताठ उभं राहा. श्वास घेत दोन्ही हात वर न्या, बोटं गुंफा, अंग वर ताणा. पाच श्वास थांबा. दिवसभर वाकलेली पाठ इथं सरळ होते.

मार्जरासन : गुडघे आणि तळहात टेकून जनावरासारखं चार पायांवर या. श्वास घेत पाठ खाली आणि नजर वर. श्वास सोडत पाठ मांजरासारखी वर गोल आणि मान खाली. दहा वेळा. कंबर आखडलेल्यांसाठी सुरुवातीला हे उत्तम.

भुजंगासन : पालथं झोपा. तळहात छातीच्या बाजूला. श्वास घेत छाती वर उचला, बेंबी जमिनीलाच राहू दे. हातांवर जोर कमी, पाठीवर जास्त. तीन श्वास थांबा, खाली या. तीन वेळा. लावणीत वाकलेल्या अंगाला हा थेट उलटा ताण आहे.

पवनमुक्तासन : उताणं झोपून एक गुडघा हातांनी पोटाकडे घ्या, पाच श्वास. मग दुसरा. मग दोन्ही.

अनुलोम-विलोम (३ मिनिटं) : मांडी घालून बसा. मांडी जमत नसेल तर पाटावर किंवा खुर्चीवर बसा. उजवी नाकपुडी बंद करून डावीनं श्वास घ्या, डावी बंद करून उजवीनं सोडा. मग उजवीनं घ्या, डावीनं सोडा. श्वास कोंडायचा नाही, आवाज करायचा नाही.

शवासन (३ मिनिटं) : उताणं पडून राहा, डोळे मिटा. पायापासून डोक्यापर्यंत एकेक भाग ढिला सोडा. झोप लागली तरी हरकत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून सूर्यनमस्कार

आता अंग थोडं सुटलेलं असतं. सुरुवात फक्त दोन नमस्कारांनी, तेही अगदी सावकाश.

हात जोडून ताठ उभं राहा. श्वास घेत हात वर नेऊन छाती उघडा. श्वास सोडत पुढं वाका. हात जमिनीला पोचत नसतील तर गुडघे दुमडा, त्यात कमीपणा नाही. श्वास घेत उजवा पाय लांब मागं न्या, नजर समोर. मग डावा पायही मागं, अंग फळीसारखं सरळ. श्वास सोडत गुडघे, छाती आणि कपाळ टेकवा. श्वास घेत छाती वर उचला. श्वास सोडत कंबर वर, अंगाचा डोंगर करा. श्वास घेत उजवा पाय दोन्ही हातांच्या मध्ये आणा. श्वास सोडत डावा पाय आणून पुढं वाका. श्वास घेत हात वर. श्वास सोडत पुन्हा हात जोडून उभं राहा. पुढच्या नमस्काराला आधी डावा पाय मागं न्या.

जमिनीपर्यंत वाकणं अजिबात जमत नसेल तर पडवीतल्या ओट्यावर किंवा भक्कम खाटेच्या कडेवर हात टेकून करा. गुडघे दुखत असतील तर खाली घडी केलेलं घोंगडं घ्या. दर आठवड्याला दोन नमस्कार वाढवा. असं करत सात-आठ आठवड्यांत बारापर्यंत जाता येतं. बोलता येणार नाही इतकी धाप लागली तर त्या दिवशी तिथंच थांबा. शेजारच्यानं पन्नास घातले म्हणून आपणही घालायचे, ही तालमीतली ईर्ष्या इथं नको.

पावसाचं आणि लावणीचं काय?

आपल्याकडं जून ते सप्टेंबर बाहेर काही करता येत नाही, हे खरं. पण सहा फूट जागा लागते, ती पडवीत किंवा माजघरात मिळते. लावणीच्या दिवसांत सकाळी वेळ नसतो आणि अंगही थकलेलं असतं. त्या दिवसांत नमस्कार सोडा. संध्याकाळी आंघोळ झाली की जेवणाआधी दहा मिनिटं द्या : मार्जरासन दहा वेळा, भुजंगासन तीन वेळा, गुडघे पोटाशी, मग पाठीवर झोपून दोन्ही पाय भिंतीला वर लावून पाच मिनिटं. दिवसभर चिखलात उभ्या असलेल्या पायांना याचा आराम लगेच कळतो.

बारापैकी दहा महिने सराव झाला आणि मध्ये खंड पडला तरी बिघडत नाही. पुन्हा सुरू करताना मात्र बारा नमस्कारांवर उडी मारू नका, दोनपासून चढा.

या चुका टाळा

मोबाईलवर बघून पहिल्याच आठवड्यात शीर्षासन, मयूरासन करायला जाऊ नका. मान आणि मनगटं दुखावतात. बीपी, हृदयविकार किंवा हर्निया असेल तर जोरजोरात कपालभाती आणि भस्त्रिका करू नका. "योग सुरू केला, आता गोळी कशाला" असं म्हणून बीपीची किंवा साखरेची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. ताण जाणवला तर चालतो, टोचणारी कळ चालत नाही. कळ आली की आसन सोडा.

छातीत दाब येऊन घाम सुटला, तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळली, हातपाय अचानक लुळा पडला, किंवा कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला, तर घरी आसनं करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

शिकवणार कोण?

गावात जाणकार शिक्षक असेल तर पहिला महिनाभर त्याच्यासमोर करणं केव्हाही चांगलं, कारण आपली पाठ कुठं वाकडी होते हे आपल्याला दिसत नाही. तसं कुणी नसेल तर केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयानं योग दिनासाठी ठरवलेला साधा अभ्यासक्रम फुकट उपलब्ध आहे. तो ४५ मिनिटांचा असून नवख्यांना झेपेल असाच आहे. उपकेंद्रांतल्या आरोग्य मंदिरांत योगवर्ग घेतले जातात का, याची आशाताईंकडे चौकशी करा.

आणि एकट्यानं सुरू केलेलं पंधरा दिवसांत सुटतं, हा सगळ्यांचा अनुभव आहे. म्हणून दोघा-तिघांना सोबत घ्या. भजनी मंडळ आहे, क्रिकेटची टीम आहे, गणपती मंडळ आहे. त्यातलेच चार जण सकाळी समाजमंदिरात जमले तरी वर्ग झाला. मुंबईहून निवृत्त होऊन आलेल्या काकांना आवर्जून बोलवा. त्यांना वेळ आहे, गरजही आहे.

तीन महिन्यांनी मोजा

सुरू करायच्या दिवशी घरच्या कॅलेंडरवर पाच गोष्टी लिहून ठेवा : बीपी किती, कमरेचा घेर किती, पुढं वाकल्यावर हात गुडघ्यापर्यंत पोचतो की नडगीपर्यंत, मांडी घालून किती वेळ बसता येतं, आणि रात्री कळीनं किती वेळा जाग येते. तीन महिन्यांनी त्याच पाच गोष्टी पुन्हा लिहा. फरक पडला असेल तर तो कागदावर दिसेल आणि कुणी पटवून द्यायची गरज राहणार नाही. नसेल पडला तर तोच कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

शाळेतल्या सतरंज्या २१ जूनला दुपारी गुंडाळल्या जातात. आपलं घोंगडं २२ तारखेला सकाळी पडवीत अंथरलं गेलं, तर या योग दिनाला गावातला एक तरी बापा माणूस खरोखर आला असं म्हणता येईल.